दोन खाणी आणि एक माळरान

२००१ साली आशियातील दोन जुन्या खाणींचे उत्खनन थांबले. एक जपानमधील कामिओका येथील जस्त-शिशाची खाण, दुसरी कर्नाटकातील कोलारची सोन्याची खाण. खाणी उघडतात, कस संपला की बंद पडतात; त्यात नवल करण्यासारखे काही नाही. नवल आहे ते पुढच्या कथेत. कामिओकाच्या डोंगराच्या पोटात आज पन्नास हजार टन अतिशुद्ध पाण्याची टाकी उभी आहे. त्या एका डोंगराने जपानला २००२ आणि २०१५ अशी दोन वेळा पदार्थविज्ञानाची नोबेल पारितोषिके मिळवून दिली. त्याच डोंगरात गुरुत्वीय लहरी टिपणारे यंत्र बसले आहे आणि जवळच्याच दुसऱ्या डोंगरात पहिल्या टाकीहून कित्येक पटींनी मोठ्या टाकीचे काम हाती घेतलेले आहे. कोलारच्या खाणीतही पाणीच आहे. ते मात्र कोणी भरलेले नाही. पंप थांबले, तेव्हा आपोआप साचले.

ही तुलना झोंबावी म्हणूनच केली आहे. कारण कामिओकाला ज्या विषयाने कीर्ती मिळाली, त्या विषयाचा श्रीगणेशा कोलारला झाला होता. आणि ही गोष्ट आपल्यापैकी, देशाच्या गौरवाविषयी तासन्‌तास बोलू शकणाऱ्यांपैकीही, शंभरात दोघांना तरी ठाऊक असेल की नाही याची मला शंका आहे.

विषय आहे न्यूट्रिनो नावाच्या मूलकणाचा. सृष्टीतील सर्व घडामोडी चार बलांनी चालतात असे पदार्थविज्ञान सांगते. हातातून निसटलेले भांडे खाली पाडणारे गुरुत्वाकर्षण. दिवा पेटवणारे, चुंबक चिकटवणारे आणि खरे म्हणजे आपल्या शरीराचे अणुरेणू एकत्र बांधून ठेवणारे विद्युतचुंबकीय बल. अणुकेंद्रातील कण घट्ट धरून ठेवणारे प्रबळ बल. आणि किरणोत्सर्गात प्रकट होणारे क्षीण बल. न्यूट्रिनो यांतील मधल्या दोघांना दादच देत नाही. त्यावर विद्युतभार नाही, वजन जवळजवळ नाही. सूर्याच्या गाभ्यातून निघालेले असे सुमारे ६,५०० कोटी न्यूट्रिनो आपल्या अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेतून दर सेकंदाला आरपार जातात. दिवसा वरून आणि रात्री, पृथ्वी भेदून, खालून. जन्मभरात त्यातला एखादाच आपल्या देहातील अणूला धडकला तर धडकला. असा कण पकडायचा तर जमिनीत खोल जावे लागते. अवकाशातून येणाऱ्या विश्वकिरणांचा जो गोंगाट भूपृष्ठावर सतत चालू असतो, तो वरच्या खडकाने अडवावा आणि तरीही आत जे काही पोहोचेल ते न्यूट्रिनोचेच असावे, असा हा हिशेब आहे.

जगातील सर्वांत खोल खाणींपैकी एक त्या काळी आपल्याकडे होती. होमी भाभांनी १९४५ साली स्थापन केलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील तरुण पदार्थविज्ञ पन्नासच्या दशकाच्या प्रारंभीच मुंबईहून आपली उपकरणे घेऊन कोलारला उतरू लागले होते. विश्वकिरणांचे कण किती खोलीवर किती उरतात याची मोजणी करीत ते खाली खाली गेले. एका खोलीवर तर महिना-दोन महिने मोजूनही एकही कण सापडेना. सामान्य माणूस येथे निराश होऊन वर आला असता. या मंडळींनी उलटा विचार केला : जेथे काहीच येत नाही, ती जागा न्यूट्रिनोची वाट पाहायला उत्तम! मग मेनन, श्रीकांतन, नरसिंहम् या आपल्या वैज्ञानिकांनी जपानच्या ओसाका शहर विद्यापीठाच्या मियाके यांना आणि इंग्लंडमधील डरहॅमच्या वुल्फेन्डेल यांना बरोबर घेतले आणि चॅम्पियन रीफ खाणीत सुमारे २,३०० मीटर खोलीवर आपला शोधक उभारला. वातावरणात निर्माण झालेल्या न्यूट्रिनोची चाहूल त्यांना १९६५ साली लागली. दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणीत अमेरिकी गट हेच करीत होता. त्यांच्या यंत्रातील पहिली नोंद दोन महिने आधीची होती, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण निबंध आधी प्रसिद्ध झाला तो कोलारचा. नियतकालिकाच्या अंकावर तारीख होती १५ ऑगस्ट १९६५.

म्हणजे ज्या महिन्यात पाकिस्तानचे घुसखोर काश्मीरमध्ये उतरत होते आणि देश अमेरिकेच्या गव्हावर पोट भरत होता, त्याच महिन्यात भारतीय भूमीच्या पोटात भारतीय वैज्ञानिकांनी जगाच्या अग्रभागी असलेले काम करून दाखविले होते. पैसा नव्हता, परकीय चलन तर नव्हतेच. खाण होती आणि माणसे होती.

ऐंशीच्या दशकात याच खाणीत आणखी धाडसी प्रश्न हाती घेतला गेला. प्रोटॉन हा अणुकेंद्रातील कण चिरंजीव आहे, की कोट्यवधी युगांनी का होईना, तोही विरून जातो? काही सिद्धांत सांगत होते की विरतो. तसे असेल तर सर्व जडसृष्टीच अंती नश्वर ठरते. १९८० साली कोलारला १४० टन लोखंडाचा शोधक याच एका कामासाठी उभा राहिला. खास प्रोटॉनच्या क्षयाचा शोध घेणाऱ्या जगातील प्रयोगांत तो पहिला. काही संशयास्पद नोंदी मिळाल्या, इतरांना त्यांची पुष्टी करता आली नाही. आजही प्रोटॉन मरताना कोणी पाहिलेला नाही. जपानने कामिओकाची पहिली टाकी १९८३ साली बांधली तीही प्रोटॉनसाठीच. प्रोटॉन काही विरला नाही. पण १९८७ साली शेजारच्या दीर्घिकेत एका ताऱ्याचा स्फोट झाला आणि त्याचे अकरा न्यूट्रिनो त्या टाकीने टिपले. पहिले नोबेल त्याचे. पुढे मोठ्या टाकीने १९९८ साली दाखवून दिले की वातावरणातील न्यूट्रिनो, म्हणजे कोलारला प्रथम सापडलेलेच न्यूट्रिनो, वाटेत आपले रूप पालटतात आणि म्हणून त्यांना वस्तुमान असलेच पाहिजे. दुसरे नोबेल त्याचे.

या शोधाचे मोल काय? मूलकणांविषयीचे आजचे सर्वमान्य शास्त्र, ज्याला स्टँडर्ड मॉडेल म्हणतात, त्याने न्यूट्रिनोचे वस्तुमान शून्य धरले होते. इतर सर्व परीक्षांत उत्तीर्ण झालेल्या त्या भव्य इमारतीला पडलेला हा पहिला ठळक तडा. अशा तड्यांतूनच विज्ञान पुढे जाते. तीन प्रकारच्या न्यूट्रिनोंपैकी सर्वांत जड कोणता, सर्वांत हलका कोणता? विश्वाच्या आरंभी द्रव्य आणि प्रतिद्रव्य सारखेच निर्माण झाले असेल तर प्रतिद्रव्य गेले कोठे, आणि त्याच्या नाहीसे होण्यात न्यूट्रिनोचा हात आहे काय? हे प्रश्न आजही मोकळे आहेत.

कोलारच्या खोल पातळ्या १९९२च्या सुमारास बंद झाल्या आणि त्यांच्याबरोबर प्रयोगही संपले. २००१च्या फेब्रुवारीत उरलीसुरली खाणही थांबली. सोने परवडत नव्हते हे खरे. कोलारच्या खडकात दाब वाढून स्फोट होत, तेथील गुहा लहान होत्या, अवाढव्य यंत्र तेथे मावले नसते, हेही खरे. परंतु एका विहिरीपुरते पंप चालू ठेवावेत, जगाने ज्या जागेची दखल घेतली ती राष्ट्राची ठेव म्हणून जपावी, असा आग्रह संसदेत, वृत्तपत्रांत वा आपल्या व्यासपीठांवर झाल्याचे स्मरत नाही. बंद पडलेल्या उद्योगाचे काय होते हे आम्हा सोलापूरकरांना कोणी समजावून सांगायला नको. गिरणीचा भोंगा थांबला की जागेचा भाव राहतो, चिमणीचे छायाचित्र राहते. जाते ते कसब. साच्यावर उभा राहणारा हात रिक्षा चालवू लागला की त्याच्या मुलाला साचा कोण शिकवणार? खोल खाणीत सूक्ष्म उपकरणे चालविण्याचे कसब भारताने चार दशकांत कमावले होते. ते पांगले.

पुढचा अध्याय अधिक संतापजनक आहे. २००२ साली देशातील काही संशोधन संस्था एकत्र आल्या आणि भारतीय न्यूट्रिनो वेधशाळेची कल्पना पुढे आली. पन्नास हजार टन लोखंडाच्या चुंबकित थरांमध्ये काचेचे हजारो शोधक बसवायचे. शोधक आपणच घडवायचे. निलगिरीतील सिंगारा ही पहिली जागा हत्तींच्या वाटेवर आणि मदुमलाईच्या व्याघ्र प्रकल्पाजवळ म्हणून २००९ साली नाकारली गेली. योग्यच झाले. मग तामिळनाडूतील थेनी जिल्ह्यातल्या पोट्टीपुरम गावाजवळचा डोंगर निवडला. केंद्रीय मंत्रिमंडळाने २०१५च्या जानेवारीत सुमारे १,५०० कोटी रुपयांच्या या प्रकल्पाला मान्यता दिली. आणि तेथून जे सुरू झाले ते आपल्या सार्वजनिक जीवनाचे लाजिरवाणे दर्शन आहे. न्यूट्रिनोने किरणोत्सर्ग होईल, शेती करपेल, डोंगरात अणुकचरा पुरायचा आहे, अमेरिकेचे शस्त्र येथे तपासले जाणार आहे — असे काय काय गावोगाव सांगितले गेले! जो कण सूर्य उगवल्यापासून प्रत्येक शेतकऱ्याच्या, त्याच्या बैलांच्या आणि भाषण करणाऱ्या पुढाऱ्याच्याही देहातून विनातक्रार जात आहे, त्याची भीती घालून निवडणुकीची गणिते मांडली गेली. वैको न्यायालयात गेले, मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने काम थांबविले. २०१७ साली हरित न्यायाधिकरणाने पर्यावरण मंजुरी स्थगित ठेवली. २०१८ साली केंद्राने ती नव्याने दिली. २०२२ साली तामिळनाडू सरकारने सर्वोच्च न्यायालयात स्पष्ट विरोध नोंदविला. पोट्टीपुरमच्या डोंगरात बोगदा झालेला नाही. मदुराईत ८५ टनांची एक छोटी प्रतिकृती चालते, तेवढेच.

येथे एका आक्षेपाला मान द्यायला हवा. पश्चिम घाटाचे जंगल, वाघांची वाट, हे प्रश्न खोटे नव्हते. माळढोकासाठी १९७९ साली सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटर अभयारण्य घोषित झालेल्या जिल्ह्यात आम्ही राहतो. सातबाऱ्यावर शेरा पडला की विहीर खणायलाही परवानगी कशी मागावी लागते हे नान्नजच्या शेतकऱ्याने सोसले आहे, आणि एवढे होऊनही माळढोक वाढला नाही हेही आम्ही पाहिले आहे. म्हणून वनसंरक्षण आणि प्रकल्प यांचा वाद अभ्यासाने, पुराव्याने, मोजमापाने सुटावा, असे मनापासून वाटते. तक्रार आहे ती मोजमापाची जागा अफवेने घेतली याबद्दल. वाघासाठी लढणाऱ्याशी बोलता येते; अणुकचऱ्याची भुते नाचवणाऱ्याशी काय बोलणार?

शेजारच्या चीनकडे पाहा. न्यूट्रिनोंच्या वजनांचा क्रम लावणे हाच उद्देश ठेवून ग्वांगदोंग प्रांतात त्यांनी जमिनीखाली सातशे मीटरवर वेधशाळा बांधायला घेतली. वर्ष तेच, २०१५. २०२५च्या ऑगस्टमध्ये वीस हजार टन द्रवाने भरलेला त्यांचा शोधक काम करू लागला. दहा वर्षांत त्यांनी उत्तराच्या दिशेने यंत्र सुरू केले आणि आपण दहा वर्षांत फायलींचा डोंगर उभा केला. चीनमध्ये न्यायालये आणि निवडणुका आपल्यासारख्या नाहीत, हे उत्तर तयार असतेच. पण जपानमध्ये तर त्या आहेत ना? इटलीत आहेत ना?

येथपर्यंत वाचून मान डोलावणाऱ्या वाचकांना आता थोडे अप्रिय ऐकावे लागेल. द्रविडी राजकारणाला आणि दिल्लीतील जुन्या सत्ताधाऱ्यांना दोष देणे सोपे आहे. पण विज्ञानाच्या बाबतीत आपल्या घरात काय चालले आहे?

सोलापुरातील एका व्याख्यानात मी श्रोता होतो. विषय होता ‘प्राचीन भारतीय विज्ञान’. वक्ते विद्वान होते, वाणी ओघवती होती. कणाद ऋषींनी जे सांगितले तेच जिनिव्हाच्या सर्न प्रयोगशाळेला आज कोट्यवधी खर्चून कळले, असे त्यांनी सांगितले आणि टाळ्या पडल्या. प्रश्नोत्तरांत मागच्या रांगेतली, पदार्थविज्ञान शिकणारी एक मुलगी उठली. तिने अगदी नम्रपणे विचारले, “सर, मग अजून न सापडलेला पुढचा कण कोणता असेल, ते वैशेषिक सूत्रांवरून काढता येईल का? आम्हाला प्रकल्प करायचा आहे.” अध्यक्षांनी वेळ संपल्याचे जाहीर केले.

त्या मुलीला उत्तर देणे आपले कर्तव्य होते. उत्तर असे की, नाही, काढता येत नाही. आणि त्यात कणादांना कमीपणा नाही. झरोक्यातून आलेल्या उन्हात तरंगणाऱ्या धूलिकणाकडे पाहून, याचे तुकडे करीत गेलो तर कोठे थांबावे लागेल, असा प्रश्न विचारणे आणि तर्काने अविभाज्य परमाणूपर्यंत जाणे ही प्राचीन जगातली थोर झेप आहे. पण वैशेषिकांचे परमाणू पृथ्वी, आप, तेज, वायू यांचे. त्यांचा क्वार्कशी, इलेक्ट्रॉनशी, हिग्जशी सांधा जुळवणे म्हणजे दोघांवरही अन्याय. गंमत अशी की, वैशेषिक दर्शन स्वतंत्र प्रमाणे मानते ती दोनच : प्रत्यक्ष आणि अनुमान. शब्दाला, म्हणजे कोणीतरी सांगून ठेवले आहे एवढ्याला, त्या दर्शनाने स्वतंत्र प्रमाणाचे आसन दिलेले नाही. कणादांचे नाव घेऊन ‘त्यांनी सांगितले म्हणून खरे’ म्हणणारा माणूस कणादांचाच विरोधक ठरतो, हे त्या व्यासपीठावर कोणाच्याही ध्यानात आले नाही.

सर्नच्या आवारातील नटराजाचेही असेच. ‘पाश्चात्त्य विज्ञान शिवापुढे नतमस्तक’ अशा मथळ्याचा संदेश वर्षातून दोनदा तरी माझ्या भ्रमणध्वनीवर येतो. ती मूर्ती भारत सरकारने सर्नला भेट दिली. २००४च्या जूनमध्ये तिचे अनावरण झाले. देखणी आहे, तेथे शोभतेही. पण भेट आपणच द्यायची आणि त्यांनी ठेवून घेतली म्हणून ते नमले असे समजायचे, हा कोणता हिशेब? अभिमानच हवा असेल तर याच सर्नमध्ये अस्सल जागा आहे. सत्तावीस किलोमीटर परिघाच्या त्या कणवेगवर्धकातील अजस्र चुंबक केसभरही न ढळता ज्या आधारांवर बसविले आहेत, ते सुमारे सात हजार सूक्ष्म जॅक भारताने पुरविले. इंदूरच्या आपल्या प्रगत तंत्रज्ञान केंद्राने त्या कामाची धुरा वाहिली. ४ जुलै २०१२ रोजी ज्या दोन प्रयोगांनी हिग्ज कण सापडल्याचे जाहीर केले, त्यांपैकी एकाच्या शोधकाचा भाग टाटा संस्थेने घडविलेला होता. या जॅकचे छायाचित्र मला आजवर एकाही सज्जनाने पाठविलेले नाही.

आणि तो ‘देवकण’ शब्द! अमेरिकी वैज्ञानिक लेडरमन यांच्या १९९३च्या पुस्तकाच्या शीर्षकावरून हे नाव पसरले. हा कण इतका छळतो की त्याला शिवी हासडावीशी वाटते, पण प्रकाशक ती छापू देईना, असा विनोद खुद्द त्यांनीच केला आहे. पुस्तक विकणाऱ्यांची ती क्लृप्ती आपल्या वृत्तपत्रांनी डोक्यावर घेतली, आपल्यातील काहींनी तर त्यावर प्रवचने केली. मूलकणांना वस्तुमान देणाऱ्या क्षेत्राचा हा कण. त्याचा परमेश्वराशी संबंध हळदी-कुंकवाइतकाच! खरा भारतीय संबंध पाहायचा तर ‘बोसॉन’ या जातिवाचक शब्दात आहे. तो १९२४ साली ढाक्याहून आइन्स्टाइनना आपला निबंध पाठविणाऱ्या सत्येंद्रनाथ बोस यांच्या नावावरून आला.

मराठी माणसापुरते बोलायचे तर एक नाव सांगतो. रोहिणी गोडबोले. पुण्यात जन्मलेली, हुजूरपागेत आणि परशुरामभाऊ महाविद्यालयात शिकलेली ही मुलगी मूलकणांच्या सिद्धांतशास्त्रात जगन्मान्य झाली. अमेरिकेत डॉक्टरेट करून परत आली, मुंबईत आणि मग बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत आयुष्यभर शिकवीत राहिली. भावी कणवेगवर्धक कसे बांधावेत या चर्चेत, तिने जर्मन सहकारी ड्रेस यांच्यासह दाखवून दिलेला परिणाम दोघांच्या नावाने ओळखला जातो. विज्ञानातील भारतीय स्त्रियांच्या कहाण्यांचा ‘लीलावतीज् डॉटर्स’ हा संग्रह तिने २००८ साली सहसंपादित केला. २०१९ साली पद्मश्री मिळाली. २५ ऑक्टोबर २०२४ रोजी पुण्यात तिचे निधन झाले. त्या आठवड्यात माझ्या परिचयाच्या दहा सुशिक्षित घरांत मी विचारून पाहिले. दोन घरांत नाव ऐकलेले होते, एकात गायिका म्हणून. गार्गी-मैत्रेयींची नावे या दहाही घरांत पाठ आहेत.

ही थट्टा नाही. मुलगा बारावीला पदार्थविज्ञानात पंच्याण्णव मिळवतो आणि ‘मला संशोधन करायचे आहे’ म्हणतो, तेव्हा आपल्या मध्यमवर्गीय घरात सुतक पडल्यासारखे होते. पुण्याला संगणक अभियंता हो, मग काय ते संशोधन कर, अशी समजूत घातली जाते. शासनही याच समाजातून येते. २०२०-२१ साली संशोधनावरील एकूण राष्ट्रीय खर्च सकल उत्पन्नाच्या ०.६४ टक्के होता. आपल्या विचारांचे सरकार आल्यावर हा आकडा दुप्पट व्हायला हवा होता, असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला आहे. ते म्हटले पाहिजे.

कोलार गेले, पोट्टीपुरम अडले. आता तिसरी संधी आपल्या महाराष्ट्राच्या दारात आली आहे, आणि ती या सर्व लेखाचे खरे कारण आहे.

सोलापूरहून तुळजापूर, लातूर करीत मराठवाड्यात उतरणारे भाविक औंढा नागनाथाच्या दर्शनाला जातात. त्याच तालुक्यातील माळरानावर ‘लायगो-इंडिया’ ही वेधशाळा उभी राहायची आहे. वर ज्या चार बलांचा उल्लेख केला, त्यांपैकी तीन स्टँडर्ड मॉडेलमध्ये बसतात. गुरुत्वाकर्षण मात्र बाहेर राहिले आहे. आइन्स्टाइनच्या सिद्धांतात ते अवकाश-कालाची वक्रता म्हणून येते आणि सूक्ष्म कणांच्या शास्त्राशी त्याचे अजून जमत नाही. विश्वातील सुमारे पाच टक्केच द्रव्य आपल्या ओळखीचे आहे, सत्तावीस टक्के कृष्णद्रव्य कसले ते ठाऊक नाही. तेही जाणवते ते गुरुत्वाकर्षणामुळेच. म्हणून गुरुत्वाची नाडी पाहणारे यंत्र महत्त्वाचे. एकमेकांना काटकोनात असलेल्या चार-चार किलोमीटरच्या दोन निर्वात नळ्यांतून लेसरचा झोत जातो-येतो. दूरच्या कृष्णविवरांची टक्कर झाली की अवकाश थरथरते आणि नळीची लांबी प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही कमी अशी बदलते. तेवढे हे यंत्र ओळखते. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील दोन यंत्रांनी प्रथमच अशी लहर टिपली. ती १३० कोटी वर्षे प्रवास करून आली होती. गोंगाटातून असा क्षीण सूर वेगळा काढण्याचे गणित घडविणाऱ्यांत पुण्याच्या ‘आयुका’तील संजीव धुरंधर अग्रणी होते, नारळीकरांनी उभ्या केलेल्या त्या संस्थेत ते काम जगात कोणी लहर ऐकण्याच्या कितीतरी वर्षे आधी सुरू झाले होते.

केंद्राने २०१६च्या फेब्रुवारीत तत्त्वतः मान्यता दिली. अंतिम मंजुरी आली २०२३च्या एप्रिलमध्ये, २,६०० कोटी रुपयांची. तत्त्वतः आणि प्रत्यक्षात यांच्यामध्ये सात वर्षे गेली! ११ मे २०२३ रोजी पंतप्रधानांनी कोनशिला बसविली. २०३० हे पूर्ततेचे वर्ष ठरले आहे. मुख्य उपकरणे अमेरिका देणार. जमीन, इमारती, निर्वात नळ्या आणि चालविण्याची जबाबदारी आपली.

आता भीती कशाची, तर पोट्टीपुरमची. २०२४ साली मार्चमध्ये आणि पुन्हा जुलैमध्ये हिंगोली जिल्ह्याला ४.५ तीव्रतेचे भूकंपाचे धक्के बसले. किल्लारीची ती १९९३ची पहाट सोलापूर-लातूरकडची माणसे विसरलेली नाहीत. उद्या असा एखादा धक्का बसला आणि कोणी उठून म्हणाला की या प्रयोगशाळेमुळेच जमीन हलते, तर गावात कोण उभा राहून सांगणार की बाबांनो, हे यंत्र जमिनीचे हादरे ऐकते, घडवीत नाही? त्याच्या नळ्या जमिनीच्या पोटात खोल नाहीत, पृष्ठभागावरच आहेत? हे सांगायला मुंबईचा शास्त्रज्ञ येईपर्यंत अफवा तीन तालुके ओलांडून जाईल. गावात घरोघर ओळख असलेला कार्यकर्ताच ते सांगू शकतो. अट एवढीच की ते त्याला स्वतःला कळलेले असावे.

दुसरा धोका अधिक सभ्य वेषात येईल. ‘एवढा मोठा प्रकल्प आला, आता शेजारी औद्योगिक वसाहत द्या, रस्ता सहापदरी करा’ अशा मागण्या सुरू होतील. अमेरिकेतील लिव्हिंग्स्टनच्या यंत्राला आसपासच्या लाकूडतोडीचा आणि जाणाऱ्या आगगाडीचाही त्रास होत असे. औंढ्याची जागा निवडली तीच शांत आहे म्हणून. तेथे खडी क्रशर आणि सुरुंग आणून बसविले तर आपल्याच हाताने आपल्या यंत्राचे कान फोडल्यासारखे होईल. या बाबतीत स्थानिक पुढाऱ्यांना, ते कोणत्याही पक्षाचे असोत, आपलेही असोत, स्पष्ट विचारले पाहिजे.

आणि एक साधी गोष्ट. त्या आठ किलोमीटर नळ्यांची जोडणी पोलादाच्या वेल्डिंगने व्हायची आहे. सुईच्या टोकाएवढे छिद्र राहिले तरी निर्वात टिकत नाही. हे काम पदवीधर शास्त्रज्ञ करीत नाहीत. उत्तम वेल्डर, फिटर, विद्युतकर्मी करतात. हिंगोली, परभणी, नांदेड, लातूर आणि आमच्या सोलापूरच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून या दर्जाच्या कामासाठी किती मुले तयार होत आहेत, त्यासाठी वेगळा अभ्यासक्रम आहे काय, नसेल तर मागणी कोणाकडे नोंदवायची, याची चौकशी त्या त्या जिल्ह्यातील कार्यकर्त्यांनी येत्या महिन्यात करावी आणि मिळालेली उत्तरे या साप्ताहिकाकडे लेखी पाठवावीत.